खालचा डावा कोपरा

१० ऑगस्ट, रविवार

मंडळाचे दोघे काल दुकानात येऊन सांगून गेले, की यंदा गणपतीत सुडोकूची स्पर्धा ठेवायची आणि कोडं झुंबरशेठनं, म्हणजे मी, करायचं. बरोबरच आहे. घोडेगावात पेपरातलं सुडोकू चहा निवायच्या आत सोडवणारा दुसरा आहे कोण? सोपान आहे, पण तो शिनोलीचा.

साधं सुडोकू द्यायचं नाही असं मी ठरवलं. कल्पेशनं मोबाइलवर एक नवी तऱ्हा दाखवली. कल्पेश माझा मुलगा, दुकान आता तोच बघतो, म्हणजे फोन बघता बघता दुकान बघतो. तर या तऱ्हेत ओळीत एक ते सहा, रकान्यात एक ते सहा, हे नेहमीचंच. पण आतल्या जाड रेघा गायब. छत्तीस घरांच्या सहा आळ्या असतात. प्रत्येक आळीत सहा घरं, एकमेकांना चिकटून, आणि एका आळीत एक आकडा एकदाच. आळीची हद्द कुठून कुठं जाते ते सोडवणाऱ्यानं शोधायचं. आपण थोडे आकडे द्यायचे, हद्दीचे थोडे तुकडे द्यायचे, बाकी ज्याचं त्यानं. पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमेल इतपत सोपं ठेवणार आहे.

सोपानला सांगितलं तर म्हणाला, "शेठ, ह्ये आपल्या गावठाणासारखं झालं. हद्द कुणालाच ठावं न्हाई आन् भांडान सगळ्यांना."

सोपान म्हणजे एसटीचा रिटायर कंडक्टर. रोज सकाळी शिनोलीहून येतो, गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसतो, आमच्या चहाचा कप आणि पेपराचं पान त्याचंच. ओतूरच्या गाडीवर होता तेव्हा माझ्या बायकोच्या, जतनच्या, माहेरचे डबे, निरोप, सगळं याच्याच हातून यायचं. जतनला एकच भाऊ होता. तो गेला ती बातमीही यानंच आणली, आणि ड्यूटी सोडून दिवसभर दारात बसून राहिला. त्या वर्षीपासून जतन त्याला राखी बांधते. काल बांधली. पेढे त्यानं खाल्ले, मला साखर आहे म्हणून मिळाले नाहीत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

कोडं झालं. खोडरबर झिजलं, पण झालं. कुठंही बोट ठेवायला जागा नाही.

सोपान म्हणत होता, आधी मला दाखवा, एकदा तपासून घेतो. का म्हणून? मी काय पहिलीत आहे? सरळ मंडळाकडं पाठवून दिलं. त्याचं तोंड जरा वाकडं झालं, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

लिहिताना दोनदा पेन्सिलीचं टोक मोडलं. रागानं, वयानं नाही.

मंडळानं छापलेला कागद घेऊन सोपान सकाळी आला. दुकानात गिऱ्हाईक भरलेलं. उभ्या उभ्या मोठ्यानं म्हणाला, "शेठ, तुमच्या कोड्याला दोन उत्तरं हायेत. खालच्या डाव्या कोपऱ्यात बघा. ह्यो चार ह्या आळीत बी बसतो आन् शेजारच्या आळीत बी. त्या आळीतला चार हिकडं घ्यायचा, हिकडचा तिकडं. आकडे त्येच, हद्द दोन तऱ्हेनं."

मी म्हणालो, "डोळे तपासून घे."

"डोळं चांगलं हायेत. तुमी पडला दुकानदार. घ्यायचं माप एक, द्यायचं एक. दोनाची सवयच आसंल तुमाला."

सगळं दुकान हसलं. तो पण हसला. माझे वडील तराजूला हात जोडल्याशिवाय गल्ल्यावर बसले नाहीत. मीही नाही. त्या तराजूसमोर उभं राहून, आमचा चहा पिऊन, हा माणूस मला दोन मापांचा म्हणतो. थट्टेत म्हणाला म्हणे. माणसाच्या पोटात असतं तेच थट्टेत येतं.

मी म्हणालो, "सोपान, राखी बांधली म्हणून कोणी घरचा होत नाही. बाहेरचा माणूस आहेस, बाहेरच्यासारखं बोल."

त्याचं तोंड एवढंसं झालं. कागदाची घडी करून खिशात घातली, टोपी नीट केली आणि गेला. चहा तसाच राहिला. जतन दुकानामागच्या खोलीत, पडद्याआड डाळ निवडत होती. तिनं येऊन कप उचलून नेला. मी म्हटलं, ऐकलंस ना काय बोलला मला? ती म्हणाली, "सगळं ऐकलं."

बरी जिरवली त्याची.

१७ ऑगस्ट, रविवार

सोपान यायचा बंद झाला असं वाटलं होतं. कसला बंद. समोरच्या गोरखच्या सलूनमध्ये बसायला लागलाय. रस्त्यापलीकडं, बरोबर माझ्या तोंडासमोर. पेपर तिथं वाचतो. आरशाशेजारी माझं कोडं चिकटवलंय आणि खालच्या डाव्या कोपऱ्याला लाल पेनानं गोल केलाय. दाढीला येणारा प्रत्येक जण आधी तो गोल बघतो आणि मग मान वळवून माझ्याकडं.

मी पण काही कमी नाही. दुकानाच्या फळ्यावर, साखरेच्या भावाखाली, खडूनं लिहिलं: कोड्याला उत्तर एकच आहे. शंका असेल त्यांनी चष्मा बदलावा.

त्याच्या खुर्चीत तेलाचे डबे रचून ठेवलेत. जागा नुसती अडून राहते, उपयोग तरी होऊ दे.

दुपारी कोडं पुन्हा तपासलं. वरच्या तिन्ही आळ्या चोख. उजवी बाजू चोख. खालचा डावा कोपरा तपासायची गरज वाटली नाही, तो मी सुरुवातीलाच नीट केला होता.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आजपासून आमचं पर्युषण. सकाळी जैन स्थानकात जतननं अठाईचं पच्चक्खाण घेतलं, म्हणजे नेम केला. आठ दिवस अन्न नाही, दिवसा उकळून गार केलेलं पाणी तेवढं. मला विचारलंही नाही. मागच्या वर्षी सहाव्या दिवशी चक्कर येऊन जिन्यात पडली होती, डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं की आता मोठे उपास बास. मी म्हणालो, हे काय नवीन? म्हणाली, "नवीन नाही. दरवर्षी करते."

मग मी विचारलं, पारण्याचं काय? आमच्यात उपास माहेरच्या माणसानं सोडवायचा असतो. पहिला घोट त्याच्या हातचा. तिचा भाऊ गेल्यापासून तो घोट सोपान देतो. मुगाचं पाणी चमच्यानं पाजताना निम्मं त्याच्याकडूनच सांडतं.

"दरवर्षी जो देतो तोच देईल," जतन म्हणाली.

"तो येणार नाही."

"मग नववा दिवस करीन. मग दहावा."

एवढं बोलून पाणी घेऊन माळ जपायला बसली. हट्टीपणा कुठून शिकली कोण जाणे. आमच्या घरात तर कोणी हट्टी नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

तोंड सुकून सुपारीएवढं झालंय तिचं. येणारे-जाणारे "साता आहे ना?" म्हणजे बरं आहे ना, असं विचारतात, ती मान हलवते. माझ्याशी बोलायला तिला शब्द जड होतात, रत्ना भांडी घासायला आली की तिच्याशी मात्र दोन वाक्यं होतात.

सिद्धीनं, माझ्या सुनेनं, मला स्वयंपाकघरात गाठलं. "पप्पा, सोपानकाकांना फोन करा."

"त्यानं करावा. माप कोणी काढलं?"

"आणि घर कोणी काढलं?"

हल्लीच्या मुलींना उलट उत्तर म्हणजे हुशारी वाटते. मी मंचरला फोन लावून विपुलला सांगितलं की शुक्रवारी पारण्याला ये. जतनच्या चुलतभावाचा मुलगा, म्हणजे माहेरचाच झाला. झालं, प्रश्न मिटला.

२५ ऑगस्ट, सोमवार

डोळ्यात कुसळ गेलं होतं. घरातला आरसा उंचावर आहे, म्हणून गोरखच्या दुकानात गेलो. पर्युषणात मी दाढी करत नाही, हे गोरखला माहीत आहे, त्यामुळं तो बघतच राहिला. सोपान बाकावर पेपर घेऊन बसलेला. मी आरशात बघितलं तर आरशातही तोच.

"गोरख," मी म्हणालो, "पाव्हण्यांना सांग, शुक्रवारी पारणं आहे."

गोरख वस्तरा धरून उभा. "तात्या, शेठ म्हणत्यात शुक्रवारी पारणं हाय."

"ऐकाया आलं. शेठला इचार, बहिणीनं बोलवलंय का शेठनं?"

"शेठ, ते म्हणत्यात..."

"ऐकलं मी. सांग त्याला, बोलवायचं काय त्यात? दरवर्षी येतो तसं यायचं."

"दरवर्षी मी घरचा व्हतो," सोपान पेपरातूनच म्हणाला. "ती बोलवंल तर येईन. पन उंबऱ्याच्या भायेर हुबा राहीन. आत घरची मानसं."

"ह्ये सांगू का?" गोरखनं विचारलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर बसलेलं, ते म्हणालं, "आधी माझी पुरी कर, राव."

माझा तोल गेला. मी सरळ त्याच्याकडं वळून म्हणालो, "एका कोड्यापायी एवढा डूख धरायचा?"

"कोड्यापायी," सोपान म्हणाला आणि पान उलटलं.

म्हणजे त्याला राग कोड्याचाच आहे, हे त्याच्याच तोंडून निघालं. एवढासा जीव या माणसाचा. डोळ्यातलं कुसळ मात्र निघालं नाही, अजून टोचतंय.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. कोडं सगळ्या गावात वाटलं. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या डब्यात ढीगभर उत्तरं पडली. कल्पेश म्हणतो अर्ध्यांची हद्द एक आहे, अर्ध्यांची दुसरी. मी म्हणालो, अर्धं गाव गोरखकडं दाढी करतं, दुसरं काय होणार.

जतन आज भिंतीला धरून चालली. सातवा दिवस. मी हात पुढं केला, तिनं सिद्धीला हाक मारली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस, क्षमा मागायचा. दुकान बंद. सकाळी व्याख्यानात महासतीजी, आमच्या साध्वी, म्हणाल्या, ज्याच्याशी वैर आहे त्याला आधी खमवा, मित्रांची क्षमा तर कोणीही मागतो. ऐकायला चांगलं आहे. त्यांनी सोपान पाहिलेला नाही.

संध्याकाळी प्रतिक्रमण करून घरी आलो. मग नेहमीसारखं जतन एकेकासमोर हात जोडून उभी राहिली. "वर्षभरात माझ्यामुळं मन दुखावलं असेल तर खमावते." कल्पेशला म्हणाली. सिद्धीला म्हणाली. रत्ना उशिरापर्यंत थांबली होती, तिलाही म्हणाली, ती बिचारी रडायलाच लागली. मी शेवटी उभा होतो. दरवर्षी मी शेवटीच असतो. तिनं म्हणायचं, मी "हो हो, मीही" म्हणायचं, की झालं. मी हात जोडून तयार होतो.

ती माझ्यासमोरून गेली आणि माळ घेऊन पाटावर बसली.

विसरली असेल. आठ दिवस पोटात अन्न नाही, माणसाचं लक्ष राहतं कुठं. कल्पेश आणि सिद्धी उगाचच दुसरीकडं बघायला लागले. मी जोडलेले हात मग तसेच देवाच्या फोटोकडं नेले.

तेवढ्यात फोन वाजायला लागला. कल्पेशनं कौतुकानं सांगितलं की पप्पा, तुमच्या फोनवरून सगळ्यांना एकदम मिच्छामि दुक्कडम पाठवून दिलंय. हात जोडलेलं चित्र, खाली चार ओळी, कळत-नकळत मन दुखावलं असल्यास वगैरे. मी विचारलं, सगळ्यांना म्हणजे? फोनमध्ये जेवढे आहेत तेवढ्यांना, म्हणाला. तेलवाल्याला, लाइटच्या वायरमनला, आणि सोपानला.

सोपानचं उत्तर आलेलं होतं. "कशाबद्दल ते लिवलं न्हाई."

मी कल्पेशला वाट्टेल तसं बोललो. संवत्सरीच्या दिवशी. मग लक्षात आलं, आणि त्याची क्षमा मागावी लागली. तोही सोपानचाच प्रताप.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी ऊन वर आल्यावर जतनला पाटावर बसवलं. स्थानकातल्या बायका आल्या होत्या, विपुल मंचरहून नवी साडी घेऊन आला होता. समोर मुगाच्या पाण्याची वाटी. विपुलनं चमचा पुढं केला. जतननं मान हलवली. त्यानं पुन्हा केला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू गुणी आहेस. पण नको."

"अगं, कोणाची वाट बघतेस?" मी म्हणालो.

"माहेरची."

ओठ पांढरे पडले होते तिचे. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि सिद्धी सगळ्यांसमोर मला म्हणाली, "पप्पा, तुमचं कोडं आता बास झालं. जा." सुनेनं सासऱ्याला जा म्हणायचं, तेही चारचौघांत. एरवी मी ऐकून घेतलं नसतं. आज मी कल्पेशची स्कूटर काढली. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो.

शिनोलीत सोपानची बायको, साळुबाई, अंगणात होती. म्हणाली, "या शेठ. पहाटंपासनं धुतलेली टोपी घालून बसल्यात. चा बी घेतला न्हाई. नुसतं रस्त्याकडं बघत्यात."

सोपान ओट्यावर होता. कडक इस्त्रीचा शर्ट, मुठीत रुमाल.

"बहिणीनं बोलवलंय?" त्यानं विचारलं.

"बोलवलंय. पाणी घेत नाही. चल."

"आन् घरमालकानं?"

"अरे मेसेज पाठवला ना तुला."

"त्यो तेलवाल्याला बी गेला."

मी खिशातून कोड्याचा कागद काढला. पहाटे उठून खालचा डावा कोपरा तपासला होता, हे इथं लिहायचं राहिलं. "दोन उत्तरं आहेत," मी म्हणालो. "तो चार दोन्हीकडं बसतो. कबूल. झालं समाधान? मला दोन मापांचा म्हणालास ते पण मी सोडून दिलं."

"त्ये माझं चुकलं," तो लगेच म्हणाला. "जीभ घसरली. तवाच माफी मागनार व्हतो, पन तुमी मधी दुसरंच बोलला. कोडं जाऊ द्या खड्ड्यात, शेठ. मला भायेरचा म्हनला त्याचं बी येवढं न्हाई. मी कंडक्टर, लोकांच्या शिव्या लई खाल्ल्यात. पन ती आत व्हती. पडद्याच्या मागं. तिच्या माहेरात मी सोडून दुसरं कोन हाय आता? तुमी मला न्हाई, तिचं माहेर भायेर काढलं. भर दुकानात."

डाळ निवडत होती ती. "सगळं ऐकलं" म्हणाली होती. मला वाटलं होतं, माझा अपमान ऐकला.

तो मागं बसला. निघताना त्यानं माझ्या पाठीवर दोनदा टकटक केलं, डबल बेल. सवय आहे त्याची, लगेच हात मागं घेतला.

दुकानातून घरात जायचा उंबरा आहे, पडद्याचा, तिथं तो थांबला. पडदा सिद्धीनं बाजूला धरला. जतन पाटावरून म्हणाली, "या भाऊ."

"हितंच बरा हाय ताई. वाटी हिकडं द्या."

"ये ना आत," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. इस्त्रीचा शर्ट घालून हा माणूस उंबऱ्याला पाय न लावता उभा, आणि ती तिकडं भिंतीला टेकलेली. मधे चार पावलं. आणि ती हद्द मी घातलेली. त्याच्या लाल पेनानं नाही.

मी आत जाणार होतो. गेलो नाही. सोपानच्या शेजारी, उंबऱ्याच्या अलीकडं उभा राहिलो आणि हात जोडले. सगळ्या बायका बघत होत्या, विपुल बघत होता.

"जतन," मी म्हणालो, "राखीवरून बोललो ते चुकलं. तुला लागेल असं बोललो. आता मी पण बाहेर उभा आहे. आत कोणी यायचं ते तू सांग. खमावतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं, आणि मला खाली बघावं लागलं.

"आधी भाऊ," ती म्हणाली. "तुमचं मग बघू."

सोपाननं चपला काढल्या, टोपी नीट केली आणि उंबरा ओलांडून आत गेला. सिद्धीनं पडदा सोडला.

मी दुकानातच राहिलो. त्याच्या खुर्चीतले तेलाचे डबे एकेक करून खाली ठेवले, खुर्ची पुसली. उभं राहून पाय दुखत होते म्हणून तिच्यातच बसलो. ही वही गल्ल्यात असते, तिथून ती काढली. कल्पेश येऊन विचारून गेला की मंडळवाले विचारतायत, बरोबर उत्तर कोणतं धरायचं. म्हणालो, दोन्ही धरा. आणि फळ्यावरची ती चष्म्याची ओळ पूस.

आतून वाटीवर चमचा वाजल्याचा आवाज आला. मग सोपानचा रडका आवाज, "सावकाश, ताई, सावकाश." मग बायकांचं बोलणं सुरू झालं, आणि जतन कशाला तरी हसली.

गिऱ्हाईक आलं, अर्धा किलो रवा मागितला, तो मोजून दिला. पुन्हा येऊन खुर्चीत बसलो. मला अजून बोलावणं आलेलं नाही.